रिपोर्टमधला ऑस्ट्रेलिया

गरोदरपणाच्या अकराव्या आठवड्यात रुटीन म्हणून रक्त दिलं होतं. हिमोग्लोबिन, शुगर, थायरॉइड, एचआयव्ही आणि त्या लांबलचक यादीत कुठेतरी खाली एचबीएसएजी. खरं सांगते, ते नाव मी वाचलंसुद्धा नव्हतं. दुसऱ्या दिवशी लॅबमधून फोन आला, मॅडम सॅम्पल परत द्यावं लागेल. का म्हणून विचारलं तर म्हणे डॉक्टर सांगतील. हे "डॉक्टर सांगतील" ऐकलं की पुढच्या चार तासांत माणूस कुठे कुठे जाऊन येतो ते ज्याच्यावर वेळ आलीय त्यालाच कळेल.

संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितलं, हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह आहे. मी म्हटलं म्हणजे कावीळ? पण मला काही होतच नाहीये, डोळे पिवळे नाहीत, ताप नाही, मळमळ आहे पण ती तर या दिवसांत सगळ्यांनाच असते. त्या म्हणाल्या, कावीळ हे लक्षण आहे हो, आजार नाही, आणि तुमच्या आजाराला ते लक्षण दिसायलाच पाहिजे असं अजिबात नाही. तेव्हा डोक्यात काही शिरलं नाही, फक्त एवढंच शिरलं की बाळाला होऊ शकतं.

घरी आल्यावर नवऱ्याने सगळा दोष स्वतःवर घेऊन टाकला. त्याला चौथीत असताना कावीळ झाली होती, चांगली महिनाभर शाळा बुडाली होती, वर्गातल्या आणखी पाच-सहा मुलांनाही तेव्हाच झाली होती. तो म्हणे माझ्या अंगात राहिली असेल आणि माझ्याकडून तुला गेली. बिचारा रात्रभर झोपला नाही. मीही नाही, पण माझी कारणं वेगळी होती. कॉलेजात असताना मनगटावर एक टॅटू काढला होता, घरी न सांगता, आणि मैत्रिणीच्या आधी मी बसले की नंतर, सुई बदलली होती की नाही, हे मी रात्री तीन वाजता आठवत बसले होते. मग अक्कलदाढ काढलेली आठवली. मग एकदा रूममेटचं रेझर वापरलेलं आठवलं. असं करत करत मी स्वतःच्याच आयुष्याची चौकशी समिती नेमली म्हणायला हरकत नाही.

आमच्या डॉक्टरांनी लिव्हरच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी आणखी एक भलीमोठी टेस्टची यादी दिली आणि चार दिवसांनी रिपोर्ट आले ते मी मोबाईलवर एकटीच उघडून बसले. हा मूर्खपणा कोणी करू नका. त्यात एका ओळीत लिहिलं होतं "एचबी ई अँटिजेन रिअ‍ॅक्टिव्ह". मी म्हटलं झालं, बी आहेच, आता ईपण झाला. आणि मी तोपर्यंत एवढं वाचून ठेवलं होतं की गरोदरपणात हिपॅटायटिस ई झाला तर तो किती वाईट, शेवटच्या तिमाहीत शंभरातल्या २० ते २५ जणी दगावू शकतात, त्यामुळे मी नवऱ्याला ऑफिसात फोन करून अक्षरशः हमसून हमसून रडले. तो मीटिंग सोडून आला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर हसले नाहीत, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे, ते म्हणाले असा गोंधळ बऱ्याच जणांचा होतो. ई अँटिजेन हे बी व्हायरसचंच एक प्रोटीन आहे, त्याचा हिपॅटायटिस ईशी काही संबंध नाही. ते पॉझिटिव्ह असणं म्हणजे व्हायरस जोरात वाढतोय एवढाच अर्थ. ही नावं देणाऱ्यांनी जरा विचार करायला हवा होता, नाही का?

मग त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागे पेनाने ए, बी, सी, डी, ई अशी पाच अक्षरं लिहिली आणि मधे एक आडवी रेघ मारली. ए आणि ई रेघेच्या वर, बाकी तिघं खाली. वरचे दोघं तोंडावाटे येतात, दूषित पाणी, दूषित खाणं, न धुतलेले हात, म्हणजे मुळात एकाच्या विष्ठेतून दुसऱ्याच्या पोटात. आले की बहुतेक वेळा आपले आपण जातात, वर्षानुवर्षं अंगात मुक्काम करत नाहीत. खालचे तिघं रक्तातून आणि शरीरातल्या इतर स्रावांतून येतात, सुई, रेझर, शरीरसंबंध, बाळंतपण, आणि हे मुक्काम ठोकू शकतात. नवऱ्याकडे बघून म्हणाले, एका वर्गात पाच-सहा मुलांना एकदमच झाली ना, मग ती बहुतेक ए होती, ती तुम्हाला बरी होऊन गेली, तिचा यांच्याशी संबंध नाही. त्या कागदावरची रेघ मला अजून दिसते. इतकी वर्षं "कावीळ" हा एकच शब्द वापरून आपण पाच वेगवेगळ्या भानगडी एकाच पोत्यात भरत होतो. आणि "पांढरी कावीळ" म्हणून जे लोक दबक्या आवाजात बोलतात ते म्हणजे बहुतेक वेळा हे माझं बी.

नवऱ्याचे रिपोर्ट आले तेव्हा तर हे अगदीच स्पष्ट झालं. सरफेस अँटिजेन, म्हणजे व्हायरसचं वरचं आवरण, तेच ते एचबीएसएजी, निगेटिव्ह; कोअर अँटिबॉडी, म्हणजे व्हायरसच्या आतल्या गाभ्याविरुद्ध शरीराने बनवलेली, तीही निगेटिव्ह; आणि त्या आवरणाविरुद्धची सरफेस अँटिबॉडीपण शून्य. म्हणजे त्याची आणि बी व्हायरसची आयुष्यात कधी गाठच पडली नव्हती आणि लसही घेतलेली नव्हती. माझ्याकडून त्याला व्हायचं होतं, त्याच्याकडून मला नाही, आणि लग्नाला चार वर्षं होऊनही झालं नव्हतं हे नशीबच. लगेच त्याला लस सुरू केली, आज एक, महिन्याने दुसरी, सहाव्या महिन्यात तिसरी, आणि त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे रक्तात सरफेस अँटिबॉडी किती तयार झाली ते मोजायचं. टायटर दहाच्या वर आला की संरक्षण आहे असं धरतात. तोपर्यंत कंडोम, रेझर वेगळं, ब्रश वेगळा, नेलकटरसुद्धा वेगळं, कारण हा व्हायरस शरीराबाहेर कमीत कमी सात दिवस जिवंत राहतो. वाळलेला रक्ताचा ठिपका म्हणजे मेलेला ठिपका असं मी समजत होते.

टॅटूचं मी शेवटी विचारलंच, नवऱ्यासमोर, मान खाली घालून. डॉक्टरांनी माझे आकडे दाखवले. एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढतं ते, अगदी नॉर्मल, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला व्हायरस, मात्र ८ कोटींच्या वर, ई अँटिजेन पॉझिटिव्ह, आणि कोअरची आयजीएम निगेटिव्ह, म्हणजे ताजी लागण नाही. इतका व्हायरस रक्तात फिरतोय आणि लिव्हरला काही पडलेलीच नाही, असं चित्र दिसतं ते बहुतेक जन्माच्या वेळी किंवा अगदी लहानपणी लागण झालेल्यांमध्ये. कारण लिव्हरची नासाडी व्हायरस स्वतः फारशी करतच नाही, आपलीच प्रतिकारशक्ती त्या पेशींवर हल्ला करते तेव्हा ती होते, आणि ज्याला जन्मापासून बघितलंय त्याला शरीर परकं मानतच नाही. मोठ्या माणसाला लागण झाली तर शंभरात पाचांपेक्षा कमी जणांच्या अंगात तो कायमचा राहतो. तान्ह्या बाळाला झाली तर साधारण पंच्याण्णवांच्या. हे ऐकून टॅटू सुटला. पण मग जन्माच्या वेळी म्हणजे कोणाकडून, हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दोघांनाही माहीत होतं.

सासूबाईंबद्दल थोडं लिहायला हवं. त्या वाईट नाहीत, पण घाबरल्या. माझा पेला, ताट वेगळं ठेवलं गेलं, कोणी काही बोललं नाही, फक्त एक दिवस माझ्या ताटाच्या काठाला खालून लाल नेलपेंटचा ठिपका लावलेला दिसला. त्या लाल ठिपक्याचं मला त्या रिपोर्टपेक्षा जास्त वाईट वाटलं. पुढच्या व्हिजिटला मी त्यांनाच सोबत नेलं. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं की ताट, पेला, मिठी, खोकला, एकत्र जेवण यातून बी पसरत नाही, आणि तुम्हाला ताटापाण्याचीच काळजी करायची असेल तर वेगळ्या कारणासाठी करा, ती ईची करा, सुनेला पिण्याचं पाणी उकळून द्या. एकदा काय करायचं ते कळल्यावर त्यांचं काम सुरू झालं. माझ्या बाटलीत न उकळलेलं पाणी गेलं नाही पुढचे पाच महिने. नेलपेंट कधी पुसलं गेलं माहीत नाही, मी विचारलं नाही.

लिव्हरच्या डॉक्टरांच्या त्या यादीत सी आणि डीचीही टेस्ट होती. सी निगेटिव्ह. सीला लस नाही पण गोळ्या इतक्या चांगल्या आल्यात की साधारण दोन-तीन महिन्यांत शंभरातले पंच्याण्णवहून जास्त लोक पूर्ण बरे होतात, आणि १९८९ पर्यंत या व्हायरसला धड नावही नव्हतं, "नॉन-ए नॉन-बी" म्हणायचे. मला जरा हेवाच वाटला. बीच्या गोळ्या व्हायरसला दाबून ठेवतात पण तो पेशीच्या केंद्रात आपली एक प्रत लपवून बसतो, ती काढता येत नाही. डी तर आणखी चमत्कारिक. त्याला स्वतःचं बाहेरचं आवरणच नाही, तो बीचा कोट चोरून घालतो, त्यामुळे ज्याला बी नाही त्याला डी होऊच शकत नाही, आणि ज्याला बी आहे त्याचा आजार तो जास्त बिघडवतो. तोही निगेटिव्ह आला. एची लस मात्र बाळंतपणानंतर घे म्हणाले, कारण आधीच बी असलेल्या लिव्हरवर ए आला तर जड जाऊ शकतो.

आता आई.

मी तिला फोनवर सांगायचं टाळत होते, शेवटी समोर बसवून म्हटलं, तुझीपण एक टेस्ट करायची आहे. ती म्हणाली, मला कशाला, मला आयुष्यात कावीळ झालेली नाही. तेच वाक्य, माझंच. मी म्हटलं करून तर बघू. मग ती म्हणे तुझे सगळे जुने कागद, माझे जुने कागद एका फायलीत आहेत, डॉक्टरला दाखवायला ने. प्लास्टिकची फाइल, तिच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनची, चौदा वर्षांपूर्वीची. मी ती जमिनीवर पसरून बघत बसले. डिस्चार्ज कार्ड, टाके काढल्याची चिठ्ठी, औषधांची बिलं, आणि ऑपरेशनच्या आधीचा रक्ताचा रिपोर्ट, कार्बनची निळी कॉपी, घडीवर फाटत आलेली. हिमोग्लोबिन. रक्तगट. आणि खाली हाताने लिहिलेलं: ऑस्ट्रेलिया अँटिजेन, पॉझिटिव्ह. त्याभोवती कोणीतरी गोल केलेला होता.

महिन्याभरापूर्वी मला ते समजलं नसतं. आता माहीत होतं, कारण वाचून वाचून मी अर्धी डॉक्टर झाले होते. १९६० च्या दशकात बारूक ब्लमबर्ग नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाला ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात एक अनोळखी प्रोटीन सापडलं, म्हणून त्याचं नाव पडलं ऑस्ट्रेलिया अँटिजेन. मागाहून कळलं की ते हिपॅटायटिस बीच्या व्हायरसचंच आवरण आहे. त्यांना १९७६ चं नोबेल मिळालं आणि २८ जुलै, त्यांचा वाढदिवस, तो आता जागतिक हिपॅटायटिस दिन. आजचं एचबीएसएजी म्हणजे तेच, नाव बदललंय फक्त. म्हणजे तो गोल करणाऱ्याला माहीत होतं. ऑपरेशन करणाऱ्यांनी नक्की वाचलं असणार, त्यांनी जास्तीचे ग्लोव्हज घातले असणार, उपकरणं वेगळी धुतली असणार, स्वतःची सगळी काळजी घेतली असणार. फक्त जिच्या अंगात ते होतं तिला सांगायचं राहिलं. मी आईला विचारलं, हे काय आहे असं तेव्हा विचारलं नाहीस? ती म्हणाली, विचारलं होतं की, ते म्हणाले काळजीचं काही नाही. मला वाटलं ऑस्ट्रेलियाचं मशीन असेल.

मी हसले आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

नवीन टेस्ट पॉझिटिव्ह आलीच. आईचा व्हायरल लोड माझ्यापेक्षा कितीतरी कमी होता, पण तिचं एसजीपीटी वाढलेलं, आणि फायब्रोस्कॅन ११.४ आला. फायब्रोस्कॅन म्हणजे सोनोग्राफीसारखंच, बरगड्यांच्या मधे ते यंत्र टेकवतात आणि टकटक असे हलके धक्के बसतात, दहा वेळा, दुखत काही नाही. त्यावरून लिव्हर किती कडक झालंय ते किलोपास्कलमध्ये कळतं. बाळंतपणानंतर माझा केला तेव्हा ५.१ आला. तिचं लिव्हर बरंच कडक व्हायला लागलं होतं, सिरॉसिसच्या उंबरठ्यावर, आणि तिला थकव्याशिवाय काही जाणवत नव्हतं, तो थकवाही ती वयावर ढकलत होती. चौदा वर्षं आधी कळलं असतं तर, हा हिशोब मी खूप दिवस केला. तिची रोजची गोळी त्याच आठवड्यात सुरू झाली.

भावाचीही टेस्ट केली. तो माझ्याहून तीन वर्षांनी लहान. सरफेस अँटिजेन निगेटिव्ह, कोअर अँटिबॉडी पॉझिटिव्ह, सरफेस अँटिबॉडी पॉझिटिव्ह. म्हणजे त्यालाही कधीतरी लागण झाली होती आणि त्याच्या शरीराने ती आपली आपण परतवली, त्याला पत्ताही नाही. नुसती लस घेतली असती तर कोअर निगेटिव्ह आली असती, कारण लसीत फक्त वरचं आवरण असतं, आतला गाभा नसतो. एकाच घरातले तीन रिपोर्ट शेजारी ठेवले की पुस्तकात न कळलेलं बरोब्बर कळतं.

आई एकच गोष्ट परत परत विचारायची, मी तुला दिलं का गं? मी म्हणायचे, माहीत नाही. खोटं होतं. आणि तिला कुठून आलं? तिच्या आईकडून असेल, नाहीतर एकच काचेची सिरिंज उकळून उकळून दहा जणांना टोचायचे त्या काळातलं एखादं इंजेक्शन असेल. डॉक्टर म्हणाले हे शोधत बसू नका, सापडलं तरी त्याचा औषधाला उपयोग नाही.

अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून मला टेनोफोविर, म्हणजे व्हायरसला दाबणारी गोळी, सुरू केली. काहीच केलं नाही तर ई अँटिजेन पॉझिटिव्ह आईकडून बाळाला लागण व्हायची शक्यता ७० ते ९० टक्के असते. जन्मल्याबरोबर लस आणि इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन, दिलं की ती खूप खाली येते, पण आईचा व्हायरल लोड २ लाखांच्या वर असेल तर तरीही थोडी बाळं सुटत नाहीत, म्हणून आधी लोड उतरवायचा. माझा ८ कोटींवरून छत्तिसाव्या आठवड्यात ९ हजारांवर आला. लॅबच्या त्या आकड्यावर मी इतकी खूश झाले की बोर्डात नंबर आल्यासारखी.

बाळंतपणाच्या ठिकाणचा अनुभव गोड नव्हता. फायलीवर लाल अक्षरात मोठ्ठं एचबीएसएजी पॉझिटिव्ह, येणारा जाणारा कोणीही वाचेल असं, आणि एक सिस्टर तर माझं बीपी घेतानासुद्धा डबल ग्लोव्हज घालायची. प्रसूतीच्या वेळी घाला ना, हजार वेळा घाला, पण बीपीला? असो. मला काळजी होती ती इम्युनोग्लोब्युलिनची. ते बारा तासांच्या आत जायला हवं, आणि ते प्रत्येक ठिकाणी ऐन वेळी असेलच असं नाही, म्हणून नवऱ्याने आठवडाभर आधीच मागवून तिथल्या फ्रिजमध्ये ठेवलं होतं आणि रोज जाऊन बघून यायचा की आहे ना. शेवटी तिथल्या मुलीने त्याला फ्रिजचा दरवाजा उघडूनच दाखवायला सुरुवात केली. मुलगी रात्री २ वाजून १० मिनिटांनी झाली. ३ वाजायच्या आत एका मांडीत लस, दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन. ती दोन्ही वेळा किंचाळली आणि नवरा म्हणाला, छान, छान. लसीतून तिचं शरीर स्वतः अँटिबॉडी बनवायला शिकणार, पण त्याला वेळ लागतो, तोवरची उसनी फौज म्हणजे ते दुसरं इंजेक्शन.

दूध पाजायचं की नाही यावर मला किमान आठ जणांनी नाही म्हणून सांगितलं, त्यात एकही डॉक्टर नव्हता. बाळाला ही दोन्ही इंजेक्शनं दिलेली असली की पाजायला हरकत नसते. मी पहिल्या दिवसापासून पाजलं.

माझी गोळी बाळंतपणानंतर तीन महिन्यांनी बंद केली, बंद केल्यावर एसजीपीटी उसळू शकतं म्हणून दर महिन्याला रक्त, एकदा ११० झालं, पुढच्या महिन्यात आपोआप खाली आलं. आता मला दर सहा महिन्यांनी एसजीपीटी, व्हायरल लोड आणि सोनोग्राफी, बहुतेक कायमचंच. गोळी परत कधी सुरू करायची ते आकडे सांगतील. लिव्हर साफ करतो, मुळापासून घालवतो म्हणून झाडपाल्याची औषधं सुचवणारे या काळात भरपूर भेटले, त्यातली काही लिव्हरलाच खातात, मी कशालाच हात लावला नाही.

मुलीची टेस्ट लगेच करता येत नाही हे मला सगळ्यात अवघड गेलं. नऊ महिन्यांच्या आत केली तर ती उसनी फौजच रिपोर्टात दिसू शकते, तिची स्वतःची की दिलेली ते कळत नाही. कोअर अँटिबॉडी तर बघायचीच नाही, कारण ती माझ्याकडून वारेतून गेलेली असते आणि दीड-दोन वर्षंसुद्धा रेंगाळू शकते. म्हणून फक्त दोन गोष्टी, सरफेस अँटिजेन आणि सरफेस अँटिबॉडी, लसीचे सगळे डोस झाल्यावर. दहाव्या महिन्यात तिला घेऊन गेलो. शीर सापडेना, एवढासा हात, तीनदा टोचलं. ती रडली, मी रडले, नवरा या वेळी छान म्हणाला नाही.

रिपोर्ट रात्री पावणेदहाला आला. मी एकटीने उघडायचा नाही असं ठरलं होतं, तरी मी एकटीनेच उघडला. अँटिजेन नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह. अँटिबॉडी ६४०. दहा पुरे असतात आणि हिच्या ६४०. मी तोच स्क्रीनशॉट आईला पाठवला, खाली काही न लिहिता. बराच वेळ टायपिंग टायपिंग दिसत राहिलं, तिला टाइप करायला वेळ लागतो. मग आलं, "म्हणजे हिच्यापर्यंत नाही गेलं ना?"

मी लिहिलं, नाही गेलं.

पुढच्या महिन्यात तिची सोनोग्राफी आहे आणि माझीही. एकाच दिवशीची अपॉइंटमेंट घेतलीय, सकाळी साडेआठची, दोघींनी उपाशीपोटी जायचंय.